शब्दाचं गाव विचारणारा मास्तर

टाक दौतीत बुडवायच्या आधी तो डाव्या हाताचं बोट वर करायचा आणि विचारायचा, "ह्या शब्दाचं गाव कोनतं?"

समोर कोण बसलंय याच्याशी त्याला कर्तव्य नसायचं. होडी फुटलेला तांडेल असो, नवरा गेलेली बाई असो, मिठागरात पाय फाटलेला मजूर असो, सगळ्यांना प्रश्न हाच. उत्तर तोच द्यायचा. "फ्रान्स." नाहीतर, "ग्रीस. जुना ग्रीस, आताचा न्हाय." मग टाक बुडायचा आणि अर्जात आणखी एक अगम्य शब्द जाऊन बसायचा.

असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. साहेबाची भाषा येते एवढ्या भांडवलावर ती गावात ताठ मानेनं फिरतात. मला त्यांचा तिटकारा आहे आणि तो मी लपवत नाही. मी पत्रकं लिहून लिहायला शिकलो. वाक्य ऐकून बसलेला माणूस उठला पाहिजे, हा आमचा पहिला धडा. मास्तरचं वाक्य ऐकून उभा माणूस बसायचा आणि बसलेला पेंगायचा.

तो आमच्या तारोडीचाच. तरुणपणी एका फ्रेंच कंपनीच्या बोटीवर जेवणाच्या टेबलाशी वाढायचं काम करत होता. त्याची फ्रेंच तिथली. पुढे समुद्राची हवा खायला आलेल्या एका म्हाताऱ्या पाद्रीनं त्याला ग्रीक अक्षरं शिकवली. मग वर्षानुवर्षं तो देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, शाळेत इंग्रजी शिकवत होता. मीही त्याच्या हाताखालून गेलो आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यानं घरासमोरच्या बदामाखाली होडीच्या फळीचं टेबल मांडलं आणि सगळ्या किनारपट्टीचे अर्ज लिहायला घेतले. अंगात बोटीवरचा पांढरा कोट, पितळेची बटणं घासून लख्ख, आणि खाली पाय अनवाणी. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो, कारण तसं म्हटलं नसतं तर आईनं थोबाडीत दिली असती. इथे आई बसलेली नाही.

अवघड शब्द वापरणारे पुष्कळ असतात. याची खोड त्याहून भारी होती. अर्जाच्या कागदाला तो डावीकडे चार बोटं समास सोडायचा आणि त्या समासात प्रत्येक परक्या शब्दाचं मूळ लिहायचा. म्हणजे ठाण्याच्या गोऱ्या साहेबाला तारोडीचा अनवाणी मास्तर समासातून सांगणार की बाबा रे, तुझा हा शब्द फ्रेंच आहे, त्याचा खरा अर्थ अमुक, तुम्ही तो बिघडवलात. एकदा मी विचारलं, "मास्तर, साहेबाला हे कशाला सांगता?"

"त्याला म्हाईत नसतं," तो म्हणाला. "शिकवायला नको?"

भाईंदरच्या एका मिठागरवाल्या शेठचा मोटार चालवणारा एकदा त्याच्याकडे शिफारसपत्र लिहून घ्यायला आला. टोपी काढून, पॉलिश केलेले बूट पायात, नवी नोकरी मुंबईत मिळणार म्हणून खुशीत. मास्तरनं बोट वर केलं. "शोफर. गाव फ्रान्स. शोफर म्हंजे भट्टी तापवनारा. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकतो तो."

"मास्तर, मी शेठची गाडी चालवतो. भट्टी कसली? काळा झालोय काय मी?"

"तू नसशील झाला. शब्द झालता."

गडी पत्र न घेताच गेला. मास्तरला त्याचं दुःख नव्हतं. तो मागून ओरडून सांगत होता की पहिल्या मोटारीसुद्धा आधी तापवाव्याच लागायच्या.

दुसरी गोष्ट सांगताना मला अजून राग येतो. मार्तामावशीचं तीन वर्षांचं पोर तापानं गेलं. तिला गोळ्या हव्या होत्या, डॉक्टर हवा होता. भाईंदरहून डॉक्टर आणायला बैलगाडी मिळाली नाही. आम्ही पोराला पुरून परत येत होतो. मार्तामावशी दफनभूमीच्या फाटकाशी अडून बसली, उठेना. मास्तर तिच्याजवळ वाकला. मला वाटलं, काही धीराचं बोलेल. तो म्हणाला, "मार्ता, सिमेटरी हा ग्रीक शब्द हाय. त्याचा अर्थ मेलेल्यांची जागा असा न्हाय. निजायची जागा. घरातली निजायची खोली असते ना, तसा."

मार्तामावशी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग उठली. बायका म्हणाल्या, मास्तरनं उठवली. मी म्हणालो, गोळी असती तर पोर उठलं असतं. माझं म्हणणं आजही तेच आहे.

आणि 'हॉय पॉलॉय'चं प्रकरण. मासळी वाळवायची जागा परत मिळावी म्हणून कोळ्यांचा अर्ज होता. त्यात त्यानं आम्हा सगळ्या गावाला 'हॉय पॉलॉय' म्हणून ठेवलं. मी वांद्र्याला जाऊन मोठा कोश उघडला. इंग्रज हा शब्द नाकाला रुमाल लावून वापरतो. गर्दी, गबाळ, खालची माणसं, असा. मी तावातावानं आलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मास्तरनं तुम्हाला अर्जातून शिवी घातली आहे.

त्याचा चेहराही हलला नाही. "ग्रीसमधी त्याचा अर्थ पुष्कळ लोक, येवढाच. आपन पुष्कळ हाव का न्हाय? इंग्रज नाक मुरडतो तो त्याच्या नाकाचा रोग. समासात लिवलंय मी तसं."

समासात त्यानं खरंच लिहिलं होतं. जागा मात्र परत मिळाली नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि आमच्या किनाऱ्यावर लष्कर आलं. टेकडीवर तंबू पडले, दुर्बिणी लागल्या, आणि टेकडीच्या पायथ्याशी काटेरी तारेचं कुंपण फिरलं. कुंपणाच्या आत आमची विहीर गेली. तारोडीत विहिरी चार, पण फेब्रुवारीनंतर गोडं पाणी त्या एकीलाच. बाकीच्या तीन मचूळ होतात, त्यात डाळ शिजत नाही. बायका दोन मैलांवरून हंडे आणू लागल्या. माझी आई त्यांत होती. तिच्या मानेला गाठ आली होती, आणि ती गाठ बघून मी पत्रकाचा मसुदा लिहिला.

गावाची बैठक मास्तरच्या बदामाखालीच भरली, कारण बाकडी तिथेच होती. मी मसुदा वाचला. वर मराठी, खाली इंग्रजी, गोऱ्यालाही कळावं म्हणून. विहीर आमच्या आजोबांनी खणली. आम्ही परवानगी मागत नाही. ही जुलूमशाही आहे. आमची मागणी आहे की कुंपण आजच्या आज काढा.

मास्तरनं कागद मागून घेतला आणि इंग्रजी भागावर बोट ठेवत गेला. "डिमांड. गाव फ्रान्स. तिकडं डिमांड करनं म्हंजे नुसतं मागनं. बोटीवर आमी रोज करायचो, मीठ पायजे का म्हनून. इंग्रजाच्या तोंडात गेला आनि दरडावायला लागला. टिरनी, तुझी जुलूमशाही. गाव ग्रीस. तिथं पयल्यांदा टायरंट म्हंजे बापाची गादी नसताना राजा झालेला, बस. चांगलेबी होते त्यात. प्रोटेस्ट, फ्रान्स. लिबर्टी, फ्रान्सवरनंच आला. पोरा, परदेशी कापड जाळतोस आनि ह्ये काय नेसलायस?"

लोक हसले. माझी आईसुद्धा हसली. मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही शब्दांची गावं विचारत बसा. विहिरीचं गाव तारोडी आहे, तेवढं मला पुरे."

"मला पानी पुरे," तो म्हणाला. "तू कुंपन काडायला सांगतोस. ते न्हाय काडनार, त्यांची लढाई चाललीय. मी आत जायची वाट मागतो."

"आपल्याच विहिरीवर जायला पास मागायचा?"

"पास नको म्हनू. लेसे-पासे म्हन. गाव फ्रान्स. अर्थ, जाऊ द्या."

मला त्याची किळस आली. स्वतःच्या घरात शिरायला परवानगी मागायची, आणि ती फ्रेंचमध्ये मागितली म्हणून आपण मोठे. बैठकीत मी हे याच शब्दांत बोललो. गावानं ऐकून घेतलं आणि अर्ज त्याच्याकडून लिहून घेतला.

त्याची आणखी एक रीत होती. अर्जातला एक तरी शब्द अर्जदाराच्या तोंडात पाहिजे, असा त्याचा नियम. "कागद साहेबाच्या टेबलावर राहतो. तू दारात उभी राहशील तवा तुझ्याजवळ काय?" म्हणून चाळीस बायका बदामाखाली ओळीनं बसल्या आणि तो बोट वर करून म्हणवून घेऊ लागला, "लेसे-पासे." बायका म्हणाल्या, "लेसे-पासे." कोंबड्या आवाजानं पळाल्या. मार्तामावशी म्हणाली, "मास्तर, रात्री नवरा पिऊन दारात आडवा पडतो, त्याला म्हनलं तर चालंल का?"

"चालंल. पन त्याला फ्रेंच येत न्हाय."

"त्याला मराठीबी येत न्हाय तवा."

मी कुंपणाच्या खांबाला टेकून हे बघत होतो. माझ्या जातभाईंना पोपट करून सोडणारा तो म्हातारा, आणि पोपट होण्यात मजा वाटणाऱ्या त्या बाया. मला दोघांचीही लाज वाटली.

अर्ज मंजूर झाला. तंबूतल्या कॅप्टननं पुठ्ठ्याचे चाळीस पास दिले. रोज सकाळी, दिवस उगवल्यावर दोन तास. बायका पहारेकऱ्यासमोर ओळीनं उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "लेसे-पासे." पहारेकरी पंजाबचा होता. त्याला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण तो हसून बाजूला व्हायचा. मास्तर बदामाखालून बघायचा आणि कोटाची बटणं चोळायचा.

मला ते दृश्य सहन झालं नाही. एका पहाटे मी माझं पत्रक कुंपणाच्या फाटकावरच चिकटवलं, उरलेला गठ्ठा घेतला आणि घोडबंदरला गेलो. तिथल्या खाडीकाठच्या गावांत चार दिवस पत्रकं वाटत होतो. मागे काय झालं ते मला परत आल्यावर कळलं. सांगितलं पास्कूनं, तो तारोडीचाच, कॅप्टनच्या तंबूत स्वयंपाकी.

त्याच सकाळी कॅप्टननं चाळीसही पास जमा करून घेतले. पत्रक लिहिणारा पुढे येईपर्यंत विहीर बंद, असा निरोप गावाला गेला. दिवस एप्रिलचे. कोणी लिहिलं ते गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणीही सांगितलं नाही. बायका पुन्हा दोन मैलांच्या वाटेला लागल्या. दुसऱ्या दिवशी माझी आई चक्कर येऊन वाटेत पडली. हंडा फुटला, पाणी मातीत गेलं.

तिसऱ्या दिवशी मास्तर कोट घालून टेकडी चढला. कॅप्टनसमोर उभा राहून म्हणाला, पत्रक मी लिहिलं.

पास्कू सांगतो, कॅप्टन मोठ्यानं हसला. त्याच्या टेबलाच्या खणात मास्तरचे अर्ज होते. त्यानं एक काढून पत्रकाशेजारी ठेवला. म्हणाला, "हे तुझं नाही. समास कोरा आहे. तू मला एखादा शब्द शिकवल्याशिवाय तीन ओळी लिहू शकत नाहीस."

मास्तर म्हणाला, "लिवू शकतो."

"मग लिही. इथे. त्याच विहिरीबद्दल."

कॅप्टननं कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली. पास्कू चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्यानं बघितलं की मास्तरनं सवयीनं डावं बोट वर केलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि खाली घेतलं. मग तो इतका वेळ थांबला की चहावर साय धरली. शेवटी त्यानं दोन ओळी लिहिल्या. द वॉटर इज अवर्स. लेट अस ड्रॉ इट. पाणी आमचं आहे. आम्हाला भरू द्या. समास सोडला नव्हता. ओळी कागदाच्या अगदी कडेपासून सुरू झाल्या होत्या.

कॅप्टननं त्या वाचल्या आणि मास्तरकडे बघितलं. त्याला खरं वाटलं का, हे पास्कूला सांगता आलं नाही. त्याला नाव हवं होतं, आणि समोर एक माणूस नाव देत उभा होता.

दुसऱ्या सकाळी बायकांचे पास परत आले. मास्तरचं टेबल उचलून नेलं. त्याच्या हाताचा कागद कुठल्याही कचेरीनं घेऊ नये, असं पत्र ठाण्याला गेलं. दर सोमवारी त्यानं टेकडीवर जाऊन हजेरी द्यायची, आणि त्याच्या घराला विहिरीचं पाणी बंद. तो एकटाच होता. बायकांनी आपसात वार वाटून घेतले, आणि रोज एकीच्या हंड्यातून कळशीभर पाणी त्याच्या ओटीवरच्या माठात ओतलं जाऊ लागलं. माझ्या आईचा वार गुरुवार.

हे ऐकून मी काय केलं असेल? मी त्याच्याशी भांडायला गेलो. तो ओटीवर बसला होता. समोर टेबलाच्या चार पायांनी मातीत केलेल्या खळग्या तशाच होत्या.

"माझं पत्रक आपल्या नावावर घ्यायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाय."

"ते माझं होतं. मी कबूल केलं असतं."

"तू घोडबंदरला होतास."

"मला बोलवायचं."

"बोलावलं आसतं तर आला आसतास, म्हाईत हाय. तुला आत टाकला आसता. तुझ्या आयशीनं पानी भरलं आसतं आनि तुरुंगात डबाबी नेला आसता. मान हाय का तिला तेवढी?" मग तो कुरकुरत म्हणाला, "आनि पत्रकात सहा चुका. त्या माज्या म्हनून सांगताना मला लाज वाटली."

मी उठलो. तो मागून बोलला, माझ्याशी बोलत होता की स्वतःशी, कळलं नाही. "दोन वळी लिवल्या. येकबी शब्द भायेरचा न्हाय. समद्यांचं गाव इंग्लंडच. लय जड गेलं."

त्यानंतर मी त्याच्या ओटीवर गेलो नाही. टेकडी चढून खरं सांगायलाही गेलो नाही. चळवळीची कामं होती, मी बाहेर राहणं गरजेचं होतं, ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली आणि ती तेव्हा मला पटली. माझ्या पत्रकांत मी अशा कारणांना जे नाव देतो ते इथे लिहीत नाही. दर सोमवारी तो पांढरा कोट टेकडीवर चढताना दिसायचा. पहिल्या वर्षी सरळ, दुसऱ्या वर्षी खांबांना धरत.

लढाई संपायच्या आधीच्या पावसाळ्यात मास्तर गेले. पुरताना फाटकाशी मार्तामावशी माझ्याजवळ उभी होती. म्हणाली, "निजायची जागा. मास्तरनंच सांगितलंतं." तिथे मला माझा गोळीचा मुद्दा काढावासा वाटला नाही, एवढंच.

मत मात्र मी बदललेलं नाही. अर्जात ग्रीक घालून विहीर सुटत नाही. साहेबाला त्याच्याच भाषेचे धडे देणं ही माझ्या लेखी गुलामीचीच एक ऐट आहे. तारेचं कुंपणही कोणाच्या अर्जानं निघालं नाही. लढाई संपली, लष्कर गेलं, आणि गावानं तार ओढून कोंबड्यांच्या खुराड्यांना लावली. हे मी कुठेही उभा राहून बोलेन.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी विहिरीवर हात-पाय धुवायला गेलो होतो. कठड्याशी वाटेतच उभा राहून कोणाशी तरी सभेबद्दल बोलत होतो. मागून दोन हंडे घेऊन एक बाई आली. वसईकडची, लढाईनंतर लग्न होऊन तारोडीत आलेली. तिनं मास्तरला कधी पाहिलेलं नाही. मी हलत नाही असं बघून ती म्हणाली, "लेसे-पासे, भाऊ."

मी बाजूला झालो. मग विचारलं, "हा शब्द कुठला गं, बाय?"

"कुठला म्हंजे?" ती हंडा कठड्यावर टेकवत म्हणाली. "हितलाच. तारोडीचा."